बोल्ट नक्की कुठे अडकलाय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं जाम बोल्टबद्दल आहेत. पावसाळ्याआधी गाडी खालून बघून घ्यायची चांगली सवय लोकांना लागली आहे आणि खाली गेलं की पहिली भेट गंजाशी होते. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी. गुहागरचं पहिलं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर लांबलंय, पण ते लांबू दिलं आहे.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक’ असा आवाज यायचा. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश गेलाय, असं मेकॅनिक म्हणाले. आर्म काढायला घेतला, तर पुढच्या बुशचा आडवा बोल्ट सुटेना. पान्ह्याला चार फुटी पाईप लावून जोर दिला तेव्हा बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं. आता ते म्हणतात की अख्खा क्रॉस मेंबर, म्हणजे आर्म जिथे बसतो तो आडवा सांगाडा, बदलावा लागेल. आठ दिवस झाले, गाडी जॅकवर उभी आहे. दुसरा काहीच मार्ग नाही का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दादा, बोल्टचं नंतर बघू. गाडी आठ दिवस नुसत्या जॅकवर असेल तर आजच्या आज तिच्याखाली दोन्ही बाजूंनी स्टँड लावून घ्या. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सुटेल ते सांगता येत नाही. तुटलेला बोल्ट काढताना खाली झोपलेला माणूस गाडी हलवत असतो, घण मारत असतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. माझ्या गॅरेजात शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतो.

आता बोल्ट. क्रॉस मेंबर बदलायची गरज बहुधा पडणार नाही. ‘बहुधा’ म्हणतो, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. डोकं तुटायच्या आधी बोल्ट कसा वागत होता? पूर्ण घट्ट होता, थोडा फिरून परत येत होता, की गोल गोल फिरत होता? मेकॅनिकना हे विचारा. सगळं काम त्यावर ठरतं, आणि घाईत नेमकं हेच कोणी बघत नाही.

आत काय असतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. आर्मच्या डोळ्यात रबरी बुश दाबून बसवलेला असतो. त्या रबराच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि नळीतून बोल्ट जातो. क्रॉस मेंबरचे दोन कान या नळीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. पलीकडच्या कानाला चाकी (नट) वेल्ड केलेली असते, तिच्या आट्यांत बोल्ट बसतो. म्हणजे बोल्ट अडकायला जागा दोन: चाकीचे आटे आणि बुशची नळी. बहुतेक लोक आट्यांनाच दोष देतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र दहापैकी सात-आठ वेळा मला गुन्हेगार नळीच सापडली आहे. आटे कारखान्यातून घट्ट आवळून आलेले असतात, तिथे पाणी कमी शिरतं. नळी आणि बोल्ट यांच्यात केसभर फट असते. त्या फटीत खारं पाणी शिरतं आणि वाळायला त्याला वाट नसते. शिवाय गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. फट भरली की तो नळी आणि बोल्ट यांना एकमेकांत असा चेपतो की दोन्ही एकच कांब असल्यासारखे होतात.

म्हणून जोर लावायच्या आधी बॅटरी घेऊन कान आणि रबर यांच्यामधल्या फटीत डोळा लावा आणि दुसऱ्याला पान्हा ओढायला सांगा. बोल्ट तसूभरही हलत नसेल, रबरही शांत असेल, तर अडचण आट्यांत आहे, किंवा दोन्हीकडे. बोल्ट पाव आटा फिरला, त्याच्याबरोबर रबर पिळवटलं आणि पान्हा सोडल्यावर स्प्रिंगसारखा परत आला, तर बोल्ट नळीत जाम आहे. अशा वेळी जोर वाढवून काही हाती लागत नाही. तुमचा अर्धा जोर रबर पिऊन टाकतं आणि उरलेला बोल्टच्या मानेवर येतो. मान तिथेच तुटते. तिसरा प्रकार वाईट. बोल्ट गोल गोल फिरत राहतो पण बाहेर येत नाही. याचा अर्थ वेल्ड केलेली चाकी आतल्या आत सुटली आहे.

चार फुटी पाईप लावेपर्यंत बोल्टने दम धरला आणि मग डोकं मानेपाशी तुटलं, म्हणजे तुमचा प्रकार दुसरा असावा असं मी समजून चालतो. तसं असेल तर तो बोल्ट काढायचा नाही, कापायचा.

मागेपुढे चालणाऱ्या इलेक्ट्रिक करवतीचं (रेसिप्रोकेटिंग सॉचं) लांब पातं कान आणि आर्मचा डोळा यांच्यामधल्या फटीत शिरतं. तिथे रबराची कड, नळी आणि बोल्ट असं सगळं एकदम कापायचं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग आर्म बोल्टच्या तुकड्यासकट खाली येतो. कार्बाइड दातांचं पातं घ्या. या जागी सहसा १०.९ ग्रेडचा बोल्ट असतो, तो कडक असतो आणि साधी पाती दोन मिनिटांत बोथट होतात. ग्रेड डोक्यावर छापलेला असतो. तुटलेलं डोकं फेकलं नसेल तर त्यावर वाचता येईल. चार इंची ग्राइंडरची चकती तिथे खोल जात नाही आणि कानाला खाच पाडते, म्हणून ती नको. मेकॅनिककडे अशी करवत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे असते. मला एका बाजूला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. पात्यावर तेल टाकत राहा, वेग कमी ठेवा आणि पात्याला दाबू नका. कापायला सुरुवात करण्यापूर्वी ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलचं रबरी बूट पत्रा लावून झाका.

आर्म उतरला की पलीकडच्या चाकीत बोल्टचं बोटाच्या पेरभर शेपूट राहतं. गंमत म्हणजे ज्या बोल्टने चार फुटी पाईपला दाद दिली नाही, त्याचं हे शेपूट अनेकदा लॉकिंग पक्कडीने सहज फिरतं, कारण अडवणारी नळी आता मध्ये नसते. फिरलं नाही तर चाकी तापवा. बोल्ट तापवायचा नाही, चाकी. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती तापवून मोठी करतो आणि मग लाकडावर बसवतो. धाव फुगली की तिचं भोक आवळत नाही, मोठं होतं. चाकीचंही तसंच आहे. १२ मिलिमीटरच्या भोकाचं लोखंड ५०० अंशांनी तापलं तर भोक साधारण ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. हा आकडा लहान वाटतो, पण गंजाची पकड सुटायला तेवढा पुष्कळ आहे. सावलीत चाकी मंद लाल दिसली की थांबा, थोडी निवू द्या आणि सांध्याला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग थोडं आवळायच्या दिशेला, थोडं सोडायच्या दिशेला, असं हलवत हलवत बाहेर काढा. एका दमात उलटं फिरवू नका.

शेपूट कानाच्या पातळीलाच तुटलं असेल, पक्कडीला धरायला काही उरलं नसेल, तर त्यावर एक चाकी ठेवा आणि तिच्या भोकातून सीओटू वेल्डिंगने ती तुकड्याला जोडून घ्या. लाल रंग गेला की पान्हा लावा. वेल्डिंगच्या उष्णतेने तुकडा फुगतो, निवताना आकसतो आणि गंज आपसूक फुटतो. पहिल्या वेळी चाकी उखडून आली तर निराश होऊ नका. माझ्याकडे तिसऱ्या-चौथ्या चाकीला बरेच बोल्ट आले आहेत. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप त्याच कानाला लावा. चाकाकडे लावली तर करंट बेअरिंगमधून जाईल आणि बेअरिंग खराब होईल.

हेही जमलं नाही तरच ड्रिल. आणि इथे कळकळीने सांगतो, इझी आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून तो उलटा पिळून काढायचं हत्यार) वापरू नका. मी बावीस वर्षांचा असताना एका गाडीच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) इझी आउट घातला, टॉमीने पिळला आणि तो आत तुटला. इझी आउट फार कडक असतो, त्यामुळे त्यावर साधा ड्रिल चालत नाही. दुसऱ्या दिवशी ते नकल पिशवीत घालून पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला नेलं. शिरोलीच्या एमआयडीसीत स्पार्क इरोजन मशीनवर तो तुकडा झिजवून काढून घेतला. नकल सुटं होतं म्हणून नेता आलं. क्रॉस मेंबर पिशवीत मावत नाही. म्हणून बोल्टच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खूण करा. खूण तिरकी गेली तर पुसून परत करा, त्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. कोबाल्टचा ४ मिलिमीटरचा ड्रिल घ्या, मग ६, मग ८, कमी वेगाने आणि तेल टाकत. बोल्ट १२ मिलिमीटरचा असून आटे १.२५ चे (दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर) असतील तर शेवटचा ड्रिल १०.८ चा. मग उरलेली कड टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा. आट्यांचं माप आधी नक्की करा. दुसऱ्या बाजूच्या आर्मचा चांगला बोल्ट समोर ठेवा आणि त्यावर पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावा. १.२५ आणि १.५ डोळ्यांना सारखेच दिसतात.

चाकी आतून सुटली असेल, म्हणजे तिसरा प्रकार निघाला, तर क्रॉस मेंबरच्या पेटीला बाजूने छोटी खिडकी कापून चाकी धरावी लागते आणि काम झाल्यावर तिथे पट्टी वेल्ड करावी लागते. हे काम उत्तम वेल्डरचं आहे. कानाभोवतीचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल, टोकाच्या हातोडीने ठोकल्यावर खपली पडून आरपार दिसत असेल, तर मात्र तुमचे मेकॅनिक बरोबर आहेत. तिथे क्रॉस मेंबर बदला. त्या ठिकाणी पूर्ण वळणाचा आणि ब्रेकचा भार येतो. ही तपासणी तुमच्यासमोर, तुमच्या देखत करायला सांगा. नकार मिळाला तर गाडी दुसरीकडे न्या.

नवा बोल्ट कंपनीचाच आणि त्याच ग्रेडचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला ८.८ चा चालणार नाही. तापवलेला जुना बोल्ट तर मुळीच नको. लाल होईपर्यंत तापला की त्याचं पाणी उतरतं, मग तो दिसायला बोल्ट असतो, ताकदीला नाही. बसवताना बोल्टच्या आटे नसलेल्या भागाला, म्हणजे जो नळीत राहतो त्याला, सगळीकडून पातळ ग्रीस लावा. आटे कोरडे ठेवा, कारण टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. ग्रीस लावलेले आटे त्याच टॉर्कला जास्त आवळले जातात. शेवटी अलाइनमेंट करून घ्या. काम झालं की पत्र टाका, कोणत्या जागी जाम होता ते मला कळवा.

प्रश्न : आमची गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला दोन दिवस पाण्यात होती. इंजिन, सीट, वायरिंग सगळं करून घेतलं, गाडी तेव्हापासून व्यवस्थित चालते. मागच्या वर्षी दोन्ही लोअर आर्मचे बुश गेले म्हणून बदलले. बोल्ट जाम होते, गॅस लावून काढले. सहा महिन्यांत नवे बुश फाटले. परत बदलले, परत पाच महिन्यांत तेच. गॅरेजवाले म्हणतात, माल डुप्लिकेट येतो. मी शाळेत शिकवते, यातलं मला काही कळत नाही. पण दोनदा तोच माल डुप्लिकेट कसा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. डुप्लिकेट माल बाजारात असतो, पण दोन्ही बाजूंचे दोन-दोन बुश ठरावीक महिन्यांत फाटतात तेव्हा मी मालाच्या आधी बसवण्याकडे बघतो.

रबरी बुश फिरत नाही, तो पिळवटतो. मधली नळी बोल्टने क्रॉस मेंबरला आवळून टाकलेली असते आणि आर्म वरखाली झाला की रबर दोन्ही बाजूंना थोडं पिळतं आणि परत सरळ होतं. म्हणून बोल्ट आवळायचा तो गाडी आपल्या चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आर्म खाली लोंबतो. तसाच बोल्ट आवळला तर रबराची ‘सरळ’ अवस्था तिथेच ठरते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वर आपल्या रस्त्यांचे खड्डे. सहा महिने म्हणजे रबराने बरेच दिवस तग धरला.

जाम बोल्टाच्या कामात ही चूक हटकून होते. बोल्ट काढण्यातच दिवस जातो, माणूस दमतो, आणि नवा बोल्ट तिथेच लिफ्टवर गनने ठोकून देतो. मी हे कितीतरी गॅरेजांत बघितलं आहे. त्यांच्यावर राग धरू नका, पण या वेळी समोर उभ्या राहा आणि सांगा: बोल्ट आधी हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवतात, किंवा आर्मखाली जॅक लावून गाडीचा भार आर्मवर येईल इतका उचलतात.

दुसरं, गॅस लावून बोल्ट काढले तेव्हा जुने बोल्टच परत लावले का ते विचारा. लावले असतील तर ते आधी बदला. बुशपेक्षा ते तातडीचं आहे.

पुराचं म्हणाल तर वाशिष्ठीचं पाणी गोडं होतं, पण गाळ घेऊन आलं. तो गाळ बंद पेट्यांत बसला की वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. त्या पुरात बुडालेल्या गाड्या माझ्याकडे अजून येतात. क्रॉस मेंबरच्या पाणी जायच्या भोकांतून तार घातली की आजही त्या पाण्याची वाळलेली माती पडते. तुमच्या गाडीची ती भोकं मोकळी करून आत साध्या पाण्याचा फवारा मारून घ्या, वाळू द्या आणि मग पोकळीत मारायचं मेणाचं कोटिंग मारून घ्या.

प्रश्न : मिरकरवाड्याहून मासळी भरून रोज पिकअप जाते. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट दर वर्षी जाम होतो, दर वर्षी कापावा लागतो. कायमचा उपाय सांगा.
— पिकअपवाला, रत्नागिरी

उत्तर : भाऊ, तुमच्या गाडीवर समुद्राचा वारा नुसता लागत नाही, समुद्र रोज तिच्यावर सांडतो. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात मीठ आणि मासळीचं पाणी मिसळतं आणि ते हौद्याच्या सांध्यांतून बरोबर मागच्या ॲक्सलवर ठिबकतं. मी बंदरावर उभा राहून बघितलं आहे, गाडी जाते तिथे ओल्या रेघा राहतात. तेव्हा पहिला उपाय बोल्टाला नाही, हौद्याला. सांधे बुजवा, मागच्या कोपऱ्यात एकच निचऱ्याचं भोक ठेवा आणि त्याला रबरी पाईप लावून तो ॲक्सलच्या मागे खाली सोडा.

माल उतरवल्यावर रोज खालून गोड्या पाण्याने धुवा. बाकी काही केलं नाहीत तरी हे करा. वाळलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, गाडी उभी असतानासुद्धा.

आणि वर्षभर थांबू नका. दर तीन महिन्यांनी तो बोल्ट सोडा, पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने घासा, आटे नसलेल्या भागाला ग्रीस लावून परत बसवा. वीस मिनिटांचं काम आहे. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकल पिनांना ग्रीसचे निपल असतील तर त्याच वेळी नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. स्टेनलेसचा बोल्ट घालू का, असं काही जण विचारतात. नको. बाजारात सहज मिळणारा स्टेनलेस बोल्ट गंजत नसला तरी ताकदीला कमी असतो.

प्रश्न : मी आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जाम बोल्टावर कोणतं तेल सर्वांत चांगलं? ॲसिटोन आणि गिअरचं ऑटोमॅटिक ऑइल अर्धं-अर्धं मिसळलेलं सगळ्यात भारी, असं मुलं सांगतात.
— विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बाळा, ते मिश्रण मीही वापरलं आहे, चालतं. पण दोन्ही एकमेकांत मुरत नाहीत, म्हणून दर वेळी डबा हलवावा लागतो. ॲसिटोन भुर्रकन पेटतो. ते मारलेल्या जागी त्या दिवशी गॅस, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नको.

डब्यावरच्या नावापेक्षा वेळ महत्त्वाचा. आदल्या दिवशी सकाळी ब्रशने गंज झाडून तेल मार, संध्याकाळी परत मार, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके सरळ दे, म्हणजे गंजाला चिरा पडून तेल आत उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हा लाव. एवढा धीर धरला तर निम्मे बोल्ट तुटत नाहीत. गोटी (सॉकेट) सहा कोनांची घे, बारा कोनांची कधीच नको, ती गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. आणि पहिला झटका आवळायच्या बाजूला, किंचितच. ‘कट्’ असा आवाज आला की समज, बोल्टने मान हलवली.

एक धोका पाठ करून ठेव. ब्रेक क्लीनरचे काही डबे क्लोरीन असलेल्या द्रावणाचे असतात. ते मारलेला भाग ओला असताना वेल्ड केला किंवा गॅसने तापवला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. अगदी थोडासा श्वासात गेला तरी फुप्फुसांत पाणी भरू शकतं, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून कळत नाही. वेल्डिंगच्या जागी ब्रेक क्लीनर वापरायचाच नाही. जस्त चढवलेल्या चाकीचा धूरही घेऊ नकोस. आधी घासून जस्त काढ, शटर उघडं ठेव.

प्रश्न : मी मूळचा देवगडचा, सध्या टोरांटोत राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून खाऊन टाकतात. माझ्या गाडीच्या स्टॅबिलायझर लिंकची (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या जोडणीची) चाकी सुटत नाही. इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये गॅसची ज्योत पेटवायला परवानगी नाही. काय करू?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : ज्योत पेटवू देत नाहीत ते योग्यच आहे. इंडक्शन हीटर भाड्याने मिळतो का बघा. तांब्याच्या वेटोळ्यात चाकी धरली की अर्ध्या-पाऊण मिनिटात तीच तेवढी लाल होते, ज्योत नसते. पण शेजारचं रबर आणि ग्रीस पेटू शकतं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि इमारतीला विचारूनच करा.

पण लिंकसाठी एवढं करायचीही गरज नसावी. चाकी फिरवताना बॉलची पिनसुद्धा सोबत फिरत असेल, म्हणून ती सुटत नसेल. पिनच्या टोकाला सहसा षटकोनी खाच असते. त्यात ॲलन की धरून चाकी फिरवा. खाच गंजून गोल झाली असेल तर चाकी कापा. लिंक तशीही नवीच लावणार आहात, तिला वाचवण्यात दुपार घालवू नका. कापताना ठिणग्या उडतात, ते पार्किंगमध्ये चालत नसेल तर हातकरवतीने कापा. दहा मिलिमीटरची पिन आहे, पंधरा मिनिटं लागतील.

देवगडला याल तेव्हा इथल्या गाड्या खालून बघा. तुमच्याकडे मीठ चार महिने रस्त्यावर असतं, आमच्याकडे बारा महिने हवेत. गंजाची जागा मात्र तीच, बुशची नळी.